लंडनहून कोल्हापूर: नऊ तासांचं विमान, एकवीस तासांची वाट

हिवाळ्यातल्या एका दुपारी तीनच्या सुमारास शिवाजी पेठेतल्या एका घरातले कर्ते गृहस्थ गेले. वय पंच्याहत्तरच्या पुढं, दुखणं जुनं, पण इतक्या लवकर जातील असं कुणाला वाटलं नव्हतं. मुलगी इचलकरंजीत, ती तासाभरात येणार होती. मुलगा मात्र इंग्लंडमध्ये, लंडनच्या पश्चिमेला रेडिंग या गावी. घरासमोर प्रश्न एकच होता. मुलगा कधी पोचेल आणि तोवर थांबायचं का?

मी राजारामपुरीत विमान तिकिटांचं ऑफिस चालवतो. हे प्रकरण घरच्यांची परवानगी घेऊन, नावं गाळून लिहितो आहे. कारण हा फोन आता कोल्हापुरातल्या कुठल्याही पेठेतून, कागल-गडहिंग्लजकडच्या कुठल्याही गावातून येतो, आणि दरवेळी त्याच्यासोबत एक आकडा येतो. तो आकडा खरा असतो, पण त्यावर विसंबून घर जो निर्णय घेतं तो बहुतेक वेळा चुकतो.

पहिला हिशेब

फोन गेलेल्या गृहस्थांच्या धाकट्या भावाचा होता. आवाज अगदी शांत. "पोरगं लंडनला हाय आमचं. इमान नऊ तासांचं हाय म्हणत्यात. म्हंजे रात्री बाराला हितं. तेवढं तिकीट बघा, आमी थांबतो."

दुपारचे तीन अधिक नऊ, रात्रीचे बारा. मागून पुतण्याचा आवाज आला. त्यानं मोबाइलवर बघून सांगितलं की कोल्हापूर ते लंडन अंतर साधारण ७,४८० किलोमीटर आहे आणि विमानाला साडेनऊ तास लागतात.

पुतण्यानं सांगितलेलं अंतर बरोबर होतं. पृथ्वीच्या गोळ्यावर कोल्हापूर आणि लंडन या दोन ठिपक्यांमध्ये दोरा ताणून धरला तर तेवढंच भरतं. अशी माहिती देणारी ठिकाणं त्या अंतराला विमानाच्या सरासरी वेगानं भागतात, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवतात आणि तास-मिनिटं छापतात. त्या दोन गावांमध्ये विमान उडतं का, हे ती बघत नाहीत. कोल्हापूर ते लंडन असं विमानच नाही. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झाला, २०२४च्या मार्चमध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटनही झालं, पण धावपट्टी दोन किलोमीटरच्या आतच आहे. तिथं एटीआर आणि एम्ब्रेअर ही लहान विमानं उतरतात. लंडनला जाणाऱ्या ड्रीमलायनरसारख्या मोठ्या विमानाला भरल्या वजनानं उडायला अडीच किलोमीटरहून जास्त लागते, आणि परदेशी प्रवाशांची तपासणी करणारी इमिग्रेशनची व्यवस्थाही इथं नाही. म्हणजे साडेनऊ तास हा आकडा कुणीही करू शकत नाही अशा प्रवासाचा होता.

मी काकांना एवढंच म्हणालो, "काका, बाराला नाही होणार. मला वीस मिनिटं द्या. तोवर कुणाला वेळ कळवू नका."

ही विनंती फार महत्त्वाची होती. एकदा वेळ बाहेर पडली की पन्हाळ्याकडचे पाहुणे निघतात, भाऊबंद गाडी करतात, पंचगंगेवर सांगावा जातो, शेणी-लाकडाची तयारी होते. नंतर बारा तासांनी वेळ बदलली तर म्हातारी माणसं रात्रभर अंगणात बसून राहतात.

तिकडं किती वाजले होते

हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते आपली घड्याळं तासभर पुढं करतात, मग फरक साडेचार तासांचा होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेपाच. म्हणून दुपारी तीनला इथं प्राण गेला तेव्हा तिथं सकाळचे साडेनऊ वाजले होते.

हे साडेनऊ फार अडचणीचे होते. लंडनहून मुंबईला येणाऱ्या थेट विमानांचे ठोकळमानानं दोन गट असतात. एक सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान सुटतो आणि आपल्याकडं मध्यरात्रीच्या आसपास उतरतो. दुसरा रात्री सुटतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत उतरतो. वेळा हंगामागणिक बदलतात, पण घडी हीच. मुलाला बातमी कळली तेव्हा सकाळचा गट दारं लावायच्या बेतात होता. रेडिंगहून लंडनच्या हिथ्रो विमानतळावर यायला पाऊण-एक तास, आणि काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतो. ती विमानं गेल्यातच जमा होती.

हेच दुपारी तीनऐवजी सकाळी नऊला झालं असतं तर तिथं पहाटेचे साडेतीन असते, सकाळचं विमान मिळालं असतं आणि मध्यरात्री मुलगा मुंबईत उतरला असता.

तीन वाटा

कागदावर तीन वाटा मांडल्या. प्रत्येकीच्या शेवटी एकच वेळ लिहिली. घराच्या उंबऱ्यावर पाय केव्हा पडेल ती.

पहिली वाट मुंबईची, सगळ्यांच्या मनात असलेली. लंडन-मुंबई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. रात्री नऊचं विमान म्हणजे आपल्याकडचे अडीच. हिवाळ्यात साडेआठ तासांत येतं, म्हणजे सकाळी अकराला मुंबईचा सहार विमानतळ. इमिग्रेशन आणि बाहेर पडणं धरून साडेबारा. त्या दिवशीचं मुंबई-कोल्हापूर विमान त्याच्या आधीच सुटणार होतं. उरला रस्ता. एक्स्प्रेस वे, मग सातारा, कराड. पावणेचारशे किलोमीटर, आणि साताऱ्याच्या पुढं हायवेचं काम चालू असलेल्या पट्ट्यात गाडी किती रखडेल याचा भरवसा नाही. आठ तास धरले. घर: दुसऱ्या दिवशी रात्रीचे साडेआठ-नऊ.

या वाटेचा हिशेब मी नेहमी घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो. सात हजार दोनशे किलोमीटर साडेआठ तासांत आणि शेवटचे पावणेचारशे आठ तासांत. कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर फक्त तीनशेच्या आसपास आहे, पण ते उडायला त्या घटकेला विमान हवं. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची, तिची वाट बघितली तर तिसरा दिवस उजाडला असता.

दुसरी वाट आखातातून. लंडन-दुबई साधारण ५,५०० किलोमीटर, दुबई-मुंबई १,९३० च्या आसपास. बेरीज केली तर थेट मार्गापेक्षा फक्त दोनशे-अडीचशे किलोमीटर जास्त. दुबई जवळजवळ वाटेवरच आहे, त्यामुळं अंतरात फारसं नुकसान नाही. वेळ जातो तो उतरणं, थांबणं आणि पुन्हा उडणं यात. दुपारी दोनचं विमान, दुबईत मध्यरात्रीनंतर एक, तिथून पहाटे चारचं, मुंबईत सकाळी साडेआठ. पुन्हा तोच रस्ता. घर: संध्याकाळी सहा. गोव्यातल्या मोपाला उतरून आंबोलीमार्गे यायचं म्हटलं तर चार-साडेचार तासांत कोल्हापूर गाठता आलं असतं, तो विमानतळ झाल्यापासून मी ती वाट आधी तपासतो. पण त्या रात्री तिकडं जागाच शिल्लक नव्हती.

तिसरी वाट हैदराबादची. लंडन-हैदराबाद सुमारे ७,७४० किलोमीटर, मुंबईपेक्षा पाचशेहून जास्त. नकाशा बघून कुणी ही वाट सुचवणार नाही. पण लंडनहून हैदराबादला जाणारं थेट विमान दुपारी पावणेदोनला सुटणार होतं. घड्याळात तिथले दहा वाजायला आले होते. म्हणजे पावणेचार तास हातात. नऊ तासांच्या उड्डाणानंतर आपल्याकडच्या पहाटे सव्वाचार-साडेचारला हैदराबाद. आणि तिथून सकाळी सव्वानऊला कोल्हापूरचं एटीआर. हवाई अंतर साडेचारशेच्या आत, सव्वा तास. घर: दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा.

दिवस मावळायच्या आत अग्नी द्यायचा, ही घरातल्या थोरल्यांची इच्छा होती. जानेवारीत कोल्हापुरात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. मुंबईची वाट धरली तर तिसरा दिवस. दुबईची धरली तर धावपळ, आणि बहुधा तिसराच दिवस. हैदराबादची वाट धरली तरच दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं नीट होणार होतं.

सरळ रेषा कुठून जाते

काकांचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्यानं नंतर विचारलं, की मुंबईचं अंतर तेवढंच असताना रात्रीचं विमान साडेआठ तास आणि तेच उलटं जाताना दहा तास का दाखवतं? त्याचं उत्तर इथं देतो, कारण ते समजलं की छापील तासांकडं बघायची नजर बदलते.

लंडन-मुंबई ही गोळ्यावरची सर्वांत आखूड रेषा साधारण पश्चिम युक्रेनवरून, मग काळ्या समुद्राच्या कडेनं, जॉर्जिया-आर्मेनियाच्या सीमेजवळून, इराण आणि पाकिस्तानातलं बलुचिस्तान ओलांडून अरबी समुद्रावर येते. बरोबर मध्य काढला तर तो तिबिलिसीच्या दक्षिणेला पडतो. आता ही रेषा आजच्या जगावर ठेवून बघा. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झालं. पाकिस्ताननं २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपल्या हद्दीतून जायला मनाई केली. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. १३ जून २०२५ ला इराणचं आकाश अचानक बंद झालं आणि वाटेत असलेली विमानं माघारी वळवावी लागली. त्यामुळं विमानं दक्षिणेला वाकून, बरेचदा तुर्कस्तान, इराक, आखात, ओमान असा फेरा घेतात. दिल्लीच्या विमानांना पाकिस्तानच्या बंदीचा फटका जास्त, मुंबईला कमी, कारण मुंबईहून समुद्रावरून निसटता येतं. पण काहीशे किलोमीटर वाढतातच, आणि वेबसाइटवरचं अंतर आहे तेवढंच राहतं.

दुसरी गोष्ट वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहणारा जोरदार प्रवाह असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो इराण आणि उत्तर भारतावर जोरात असतो, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वेग सहज. विमान हवेत ताशी नऊशेच्या आसपास चालतं. वारा पाठीशी असेल तर जमिनीवरचा वेग हजाराच्या पुढं जातो, समोर असेल तर आठशेच्याही खाली येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. तोच वारा उलट्या प्रवासाला तासभर खातो. आमच्या प्रकरणात मुलगा पश्चिमेकडून पूर्वेला येणार होता, तेही हिवाळ्यात. हे त्याच्या बाजूनं होतं.

आणि वेळापत्रकातले तास म्हणजे नुसते हवेतले तास नव्हेत. एका टर्मिनलचं दार सुटल्यापासून दुसऱ्या टर्मिनलचं दार लागेपर्यंतचा तो वेळ. हिथ्रोला धावपट्टीपर्यंत रांगेतून जाणं, वर घिरट्या घालणं, सगळं त्यात धरलेलं असतं. म्हणून कधी कधी विमान "वीस मिनिटं लवकर" पोचतं.

तिकिटाआधीचे प्रश्न

मुलाला फोन लावला. तो बोलत होता, पण ऐकत नव्हता. अशा वेळी मी प्रश्न छोटे ठेवतो.

"पासपोर्ट भारतीय आहे ना?"

"हो."

"हातात आहे? कुठं जमा केलेला नाही?"

"कपाटात आहे."

"व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज केलेला आहे का? निकाल यायचा बाकी असा?"

हा शेवटचा प्रश्न विचारायचा राहिला तर माणूस फार मोठ्या अडचणीत सापडतो. ब्रिटनमध्ये मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असताना देश सोडला तर तो अर्ज मागं घेतला असं धरलं जातं. मग जुन्या व्हिसाची मुदत संपलेली असेल तर वडिलांना अग्नी द्यायला आलेला माणूस परत कामावर जाऊ शकत नाही. इथं तसं काही नव्हतं. पासपोर्ट ब्रिटिश असता तर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड आहे का, हे विचारावं लागलं असतं. त्याच्या लहान मुलीचा पासपोर्ट ब्रिटिश होता आणि ओसीआय घरातच होतं, पण वहिनींनी स्वतःच ठरवलं की मुलीला घेऊन त्या चार दिवसांनी येतील. ते शहाणपणाचं होतं. एकट्या माणसाला शेवटच्या घटकेला एक जागा मिळते, तिघांना मिळत नाही.

मग सांगितलं, "फक्त हातातली बॅग घ्या. सामान चेक-इन करायचं नाही. कपडे इथं मिळतील."

कारण दोन्ही तिकिटं वेगवेगळी होती. लंडन-हैदराबाद एका कंपनीचं, हैदराबाद-कोल्हापूर दुसऱ्या कंपनीचं. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही, तिकीट गेलं. पहाटे साडेचार ते सव्वानऊ हे अंतर म्हणून मला सोयीचं वाटलं. एरवी लोक त्याला वाया गेलेला वेळ म्हणतात. इथं तो विमा होता. पट्ट्यावर बॅगेची वाट बघणंही त्यातून वगळलं.

त्याच वेळी हैदराबादमधल्या ओळखीच्या गाडीवाल्याला सांगून ठेवलं. एटीआर रद्द झालं तर सोलापूरमार्गे साडेपाचशे किलोमीटर, दहा तास. म्हणजे सकाळी सहाला निघून दुपारी चार. तेही मुंबईच्या वाटेपेक्षा साडेचार तास आधीच. पण तो निर्णय पहाटे पाच-सहालाच घ्यावा लागणार होता, नऊला नव्हे. म्हणून मी पाच वाजता हवामान आणि विमानाची स्थिती बघून फोन करणार, असं ठरलं.

तिकीट निघालं तेव्हा आपल्याकडं चार वाजायला पाच मिनिटं होती. काकांना फोन केला.

"काका, उद्या सकाळी साडेअकरापर्यंत घरात. पाहुण्यांना दुपारी दोनची वेळ द्या. मधले अडीच तास हातचे ठेवा."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे आजची रात्र काढायची."

"हो."

"बरं. दोनच सांगतो."

शीतपेटी कुठून आणायची हे त्यांना गल्लीतल्या तालमीच्या मुलांनी सांगितलं आणि तीच मुलं ती घेऊन आली. तेवढ्यापुरतं मला काही करावं लागलं नाही.

रात्र आणि सकाळ

रेडिंगहून मुलगा साडेदहाला निघाला, साडेअकराला हिथ्रोवर. विमान वीस मिनिटं उशिरा सुटलं, पण पाठीशी वारा असल्यानं हैदराबादला वेळेवर, साडेचारच्या आत उतरलं. पहाटे पाचला मी बघितलं तेव्हा कोल्हापुरात धुकं होतं. जानेवारीत पंचगंगेच्या खोऱ्यात ते असतंच, पण ऊन चढलं की निवळतं. मुंबईहून येणारं सकाळी आठचं विमान असतं तर मी घाबरलो असतो. सव्वानऊला सुटून साडेदहाला उतरणाऱ्या विमानासाठी गाडी करून दहा तास रस्त्यावर घालवणं मला पटलं नाही. मुलाला सांगितलं, थांबा. हैदराबादच्या गाडीवाल्यालाही सांगितलं की सातपर्यंत थांब, मग मोकळा.

विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं. त्या चाळीस मिनिटांत मुलाचे तीन फोन आले. तिसऱ्या वेळी त्यानं विचारलं, "रद्द तर नाही ना होणार?" मी त्याला कोल्हापूरच्या धावपट्टीवर किती अंतरापर्यंत दिसतं आहे त्याचा ताजा आकडा वाचून दाखवला. नुसत्या धीरापेक्षा तो आकडा त्याला जास्त उपयोगी पडला. सव्वाअकराला उजळाईवाडीला विमान उतरलं. चुलतभाऊ गाडी घेऊन उभा होता, सामान नव्हतंच. बाराच्या ठोक्याला तो घरात होता. दुपारी तीन ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा, एकवीस तास. त्यातले हवेतले साधारण सव्वादहा.

दोनला निघाले. पंचगंगेवर चारच्या आत सगळं झालं.

परतीचं तिकीट

परतीचं तिकीट त्या दिवशी काढू नका, असं मी सांगितलं होतं. अशा वेळी लोक जाता-येताचं एकत्र काढतात, आणि मग बारावं-तेरावं, बँकेची कामं, वारसाची कागदपत्रं यात तारीख पुढं सरकते, बदलायचा भुर्दंड बसतो. वहिनी आणि मुलगी पाचव्या दिवशी आल्या, मुंबईमार्गे. त्यांना घाई नव्हती, म्हणून त्या मध्यरात्री उतरल्या, सकाळपर्यंत नातेवाइकांकडं झोपल्या आणि मग गाडीनं आल्या. लहान मुलीला घेऊन पहाटे हैदराबादला पाच तास बसवणं मी सुचवलंही नाही.

परत जाताना तिघांचंही मुंबईहून थेट काढलं. कोल्हापूरहून आदल्या रात्री महालक्ष्मी, सकाळी मुंबई, दुपारी दीडचं विमान. लंडनपर्यंत वेळापत्रकात दहा तास होते. वारा समोरून, आणि मार्ग दक्षिणेला वाकलेला. तेवढेच लागले. तिथल्या संध्याकाळी सहाला उतरले, सव्वाआठला रेडिंगच्या घरी. मुलगा दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला. आईला घेऊन जायचा व्हिसाचा अर्ज आता चालू आहे, आणि तिच्या गुडघ्यांचा त्रास बघता तिच्यासाठी व्हीलचेअरसह थेट मुंबई-लंडनच घ्यायचं, वाटेत विमान बदलायचं नाही, एवढं आम्ही आत्ताच ठरवून ठेवलं आहे.